मदत हवी आहे: बाबांची जुनी फियाट चालवायला शिकायची आहे (ठाणे)

मंडळी, नमस्कार. मी पातलीपाड्याला राहते. आठ वर्षं गाडी चालवतेय, पण ऑटोमॅटिक, त्यामुळे डावा पाय सेवानिवृत्तच म्हणा. माहेरी नौपाड्यात बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. कागदावर पद्मिनी, घरात सगळ्यांच्या तोंडी फियाटच. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते रोज चोक ओढून तिला दहा मिनिटं सुरू ठेवतात आणि बंद करतात. विकायचा विषय काढला की ताटावरून उठतात. म्हणून म्हटलं, मीच शिकते. दोन ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना विचारलं, दोघांनीही हात जोडले.

चार रविवार पहाटे उपवनला सराव केला. गिअर स्टिअरिंगला आहे. दुसरा टाकायला जाते आणि चौथा पडतो, की गाडी आचके देऊन बंद. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न करकरता बसवणारी रचना) नाही. गाडी चालू असताना टाकला तर असा करकरतो की बाबा डोळे मिटून घेतात. "डबल क्लच मार" म्हणतात. म्हणजे काय विचारलं तर "हाताला कळतं". ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. रोजच्या सवयीने हलका पाय ठेवला तर गाडीने ऐकलंच नाही असं वाटतं. सीटबेल्टही नाहीत, आणि पुढची सीट बाकासारखी सलग, त्यामुळे वळणावर मी बाबांच्या दिशेने सरकते.

पण खरी धास्ती चढाची आहे. मागच्या रविवारी येऊरच्या चढावर पुढची बस थांबली. मी डॅशबोर्डखालचा हँडब्रेक ओढला, तो धरेना, गाडी दोनेक फूट मागे आली. मागचा रिक्षावाला ओरडेल असं वाटलं, तर त्याने उतरून चाकामागे दगड लावला. तेव्हापासून माजिवड्याचा पूलसुद्धा डोळ्यांसमोर येतो. चढावर गाडी उचलायची कशी? डबल क्लच कुणी शब्दांत सांगेल का? आणि पावसाळ्यात ती बाहेर काढावी की नाही?

जुनं_लोखंड: ताई, आधी गाडी दुरुस्त करा, मग हात. हँडब्रेक धरत नसेल तर केबल ताणली गेली असेल नाहीतर मागचे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) झिजलेत. तोवर येऊरचं नाव काढू नका. ब्रेक पेडल पहिल्या दाबात खाली जाऊन दुसऱ्या दाबात वर येतं का बघा. येत असेल तर शू अॅडजस्ट करायला झालेत किंवा लाइनमध्ये हवा आहे.
डबल क्लच असा: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अॅक्सिलरेटरला एक टिचकी, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. आधी दुसऱ्यावर घोटवा. पहिला मात्र गाडी थांबल्यावरच टाका. शौर्य दाखवायची जागा नाही ती. चढावर हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित वर येतं, तेव्हाच हँडब्रेक सोडायचा. मागची चाकं गाडी ढकलतात, त्यामुळे हे चांगलं जाणवतं.
पाण्यातून गेलात तर ड्रम ओले होतात आणि ब्रेक लागत नाहीत. मागे कुणी नाही बघून, ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर चाला, म्हणजे सुकतात. माझ्या मते पहिला पावसाळा सोडूनच द्या.

घोडबंदरकर: मे महिन्यात घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये नेऊ नका. इंजिन तापलं की पेट्रोलची वाफ होते आणि एसी पंप (टाकीतून पेट्रोल खेचणारा इंजिनावरचा पंप) पेट्रोल ओढत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून बसायचं, दुसरा इलाज नाही. पेट्रोलचे रबरी पाइपही बदलून घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही, आणि गळकं पेट्रोल गरम इंजिनावर म्हणजे विषय संपला. सीटबेल्ट बसवून मिळतात, पण पक्क्या जागी बोल्ट मारणारा मिस्त्री शोधा.

मायलेज_किती: विकायची झाल्यास व्यनि (खासगी निरोप) करा.

धागाकर्ती: विकायची नाहीये! काल मिस्त्रींनी केबल बदलली. मागचे शूसुद्धा गुळगुळीत झाले होते. "इतके दिवस सांगितलं का नाही" विचारल्यावर बाबा म्हणाले, "मी गिअरमध्येच लावायचो." डबल क्लचची कृती छापून डॅशबोर्डवर चिकटवली आहे, त्यावर ते जरा नाराज आहेत. रविवारी पुन्हा उपवन, सपाटीवरच.