मदत हवी आहे : नर कोंबडे खस्सी करून देतो म्हणतोय एक जण, करू द्यावं का?

सोनालीवाला_यवतमाळ :

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातला आहे, घरामागे पत्र्याचं शेड टाकून सोनाली जातीच्या कोंबड्या पाळतो, तीनशेच्या आसपास पक्षी. माद्या अंड्यांसाठी ठेवतो आणि नर अडीच-तीन महिन्यांत विकून मोकळा होतो. आता नागपूरकडचा एक व्यापारी म्हणतोय की नर खस्सी करा, सहा-सात महिने सांभाळा, चरबी धरते, मांस कवळं राहते, हॉटेलवाले कॅपन म्हणून रेट जास्त देतात. त्यानंच एक माणूस धाडला, बाजूच्या गावात बोकड खस्सी करतो तो, नगाला वीस रुपये म्हणे.

नमुना म्हणून त्यानं एक कोंबडा करून दाखवला. पाय सुतळीनं बांधले, दोन्ही पंख मागं दाबून धरले, एका कुशीवर पाडला, बरगड्यांवरची पिसं उपटली आणि दाढीच्या ब्लेडनं चीर देऊन आत वाकडी तार घातली. भूल-बिल काही नाही. मग दुसऱ्या कुशीवर पाडून तेच, वर हळद-राख. पक्षी ओरडला पण नाही, चोच उघडी ठेवून नुसता धापा टाकत होता. आज चालतोय, पाणी पितोय, पण चिरलेल्या जागी कातडीखाली फुगा आलाय, दाबलं तर मऊ लागतो, पाणी नाही वाटत, हवाच आहे.

आई म्हणते हे असलं घरात नको. बाबा म्हणतात बोकडाचं करतो तेव्हा कुठं जाते ही दया. मला दोघांचंही पटते म्हणून विचारतोय. फुग्याचं काय करू? बाकीच्या नरांचं करू द्यावं का, आणि कायद्यात बसते का हे? अजून एक, पुढच्या बॅचला हॅचरीवाला चोच कापून देतो म्हणतोय, आमच्याकडे शेपटीला टोचाटोची फार आहे, तर ते घ्यावं का?

रिटायर्ड_पर्यवेक्षक :

पहिले फुग्याचं. कोंबडीच्या अंगात फुफ्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, चीर देताना ती फाटली की हवा कातडीखाली येते. लहान असेल तर आपोआप जिरते, वाढत असेल तर डॉक्टर निर्जंतुक सुईनं काढतात. घरच्या सुईनं टोचू नका. १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइन नंबरवर फोन लावा नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जा, पक्षी वेगळा ठेवा, खाली कोरडं तूस टाका. जखमेवर राख नको.

आता बोकडाशी तुलना. बोकडाचं सगळं बाहेर असते, चिमटा लावला की कातडीसुद्धा फाटत नाही. कोंबड्याच्या गोळ्या (वृषणं) पोटात, पाठीच्या कण्याला चिकटून, मूत्रपिंडाच्या तोंडाशी आणि मोठ्या रक्तवाहिनीला लागून. तार थोडी सरकली की पक्षी जागेवर संपला. तुकडा आत राहिला तर परत वाढतो, तुरा लाल होतो, आरवणं सुरू, म्हणजे हाल करून कॅपनही हाती नाही. फ्रान्समध्ये ख्रिसमसला असा कोंबडा महागडा खातात हे खरं आहे, पण ब्रिटननं ही शस्त्रक्रिया १९८२ पासूनच बंद केली.

आपल्याकडे १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आहे. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही जीव, कोंबडी त्यात आलीच. खच्चीकरणाला कलम ११ मध्ये सूट आहे पण ती ठरवून दिलेल्या पद्धतीनं केलं तर, दाढीचं ब्लेड त्यात बसेल असं वाटत नाही. दंड म्हणाल तर पहिल्या वेळेला १० ते ५० रुपये, त्यामुळं पोलिसाच्या भीतीनं कोणी थांबत नाही हेही तेवढंच खरं.

ढेपवाला :

एवढी कीव येते तं कोंबड्या पाळता कायले? शेवटी सुरीखालीच जाते नं.

वऱ्हाडी_लेअर :

ढेपवाले भाऊ, मरण वेगळं अन् मरेपर्यंतचे हाल वेगळे, हे बकरं कापणाऱ्यालेबी समजते. अन् दया बाजूले ठेवून नुसता हिशोब करा नं बाप्पा. नर तीन महिन्यात विकत होते, आता सात महिने ठेवाचा. दिवसाले शंभर ग्रॅम खाद्य धरलं तरी चार महिन्यात बारा किलो. त्याले तुमच्या खाद्याच्या भावानं गुणा, वरून मेलेले अन् फुगलेले पक्षी मोजा, मंग त्या व्यापाऱ्याले म्हणा रेट कागदावर लिहून दे. लिहून देणार नाही तो, पैज लावतो.

चोचीचं सांगतो. चोच म्हणजे नख नाही, टोकापर्यंत नसा असतात, तापलेल्या पात्यानं कापली की पिल्लू दाणा टिपताना कचरते. मोठ्या पक्ष्याची कापली तं दुखणं कायमचंबी राहू शकते. मोठ्या पिंजऱ्याच्या फार्मात पहिल्या दहा दिवसातच उरकतात, नाहीतर हॅचरीतच किरणं मारून. तुमच्या तीनशे पक्ष्याले कायले पाहिजे ते? टोचाटोची होते कायनं ते शोधा. मोठ्या पक्ष्याले दीड-दोन चौरस फूट जागा आहे का? पत्र्याच्या भोकातून ऊन थेट अंगावर पडते का? नुसता मका-ज्वारी भरडून टाकत असान तं सोयाबीनची ढेप अन् मीठ कमी पडते, मंग एकमेकाची पिसं खातात. पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या टाकून दुपारी पाणी मारा, बाजूनं पोते लावून उजेड कमी करा, लसूणघासाची जुडी त्यायच्या मानेच्या उंचीवर टांगा म्हणजे दिवसभर तिच्याशी भांडत बसते. अन् रक्त निघालेला पक्षी लगेच बाहेर काढा, लाल दिसलं की सगळे तुटून पडते.

सोनालीवाला_यवतमाळ :

धन्यवाद दादा, भाऊ. तालुक्याच्या डॉक्टरनं हवा काढली, उद्या परत दाखवायला सांगितलंय. बाबांना बारा किलोचा हिशोब वाचून दाखवला, त्यांनीच फोन करून त्या माणसाला येऊ नको म्हटलं (दयेवर मात्र अजून चर्चा चालूच आहे). हॅचरीला बिना कापलेली पिल्लं द्या म्हणून सांगतोय, तो म्हणतो मग टोचाटोचीची गॅरंटी माझी नाही. वऱ्हाडी भाऊ, मिठाचं प्रमाण काय ठेवता ते सांगा, मी शंभर किलोची भरड एकदम करतो.

वऱ्हाडी_लेअर :

शंभर किलोले तीनशे ग्रॅम, त्याच्यावर नको. ढेपीसोबत मिनरल मिक्श्चर टाकत असान तं पाकिटावर मीठ किती हाय ते पहिले वाचा, अन् पाण्याची भांडी रिकामी पडू देऊ नका.