डोनट बीम आणि १ मायक्रॉनचा मणी: माझं मॉडेल रिंगवर नेतंय, रिसर्च पेपरात मात्र मधोमध

राजारामपुरी_फिजिक्स:
मंडळी, मी इथलाच, कोल्हापूरचा, एमएस्सी फिजिक्सला. प्रोजेक्ट ऑप्टिकल ट्वीझर्सवर (लेसरनं बारीक कण पकडायचं तंत्र), लॅब नाही, सगळं कॉम्प्युटरवर. १०६४ नॅनोमीटर लेसर, पाण्यात पॉलिस्टायरीनचा १ मायक्रॉन व्यासाचा मणी आणि बीम लागेर-गाउस, एल = १ (एल म्हणजे लाटेला किती पीळ), म्हणजे मधे काळं न भोवती उजेडाची रिंग. डायपोलचा ग्रेडियंट फोर्स (जास्त उजेडाकडं ओढणारं बल) लावला की मणी रिंगवर जाऊन बसतो, रिसर्च पेपरात मात्र एवढे मणी मधोमध पकडलेले दिसतात. चिन्हं, युनिटं परत परत तपासली, बरोबर आहेत. मग अडतंय कुठं?

पंचगंगा_काठ:
भावा कोड बरोबरच असंल, तो फॉर्म्युलाच ह्या मण्याचा नाही. पाण्यात तरंगलांबी १०६४ भागिले १.३३ म्हणजे ८०० नॅनोमीटर आणि तुझा मणी १००० चा, डायपोल तर मण्याला ठिपका समजतो, आख्ख्या मण्यावर फील्ड सारखंच असं धरतो, ते तरंगलांबीपेक्षा लई बारीक कणालाच चालतं. ५० नॅनोमीटरचा घेतलास तर तो खरंच रिंगवर जाईल आणि गोल फिरायला लागेल. घट्ट फोकसला रिंगच साधारण तरंगलांबीएवढी, मोठ्या मण्यावर ती सगळी एकदम पडते, सगळीकडनं ओढ सारखी, म्हणून तो मधे.

उजेडवेडी:
टी-मॅट्रिक्सने कर, म्हणजे मण्यावर येणाऱ्या लाटेवरनं विखुरलेली लाट काढून देणारं मॅट्रिक्स. गोल मण्याला ते मॅट्रिक्स कर्णावरच असतं, म्हणजे गुस्ताव्ह मी ह्या शास्त्रज्ञाचे १९०८ चेच गुणांक. केए (२π गुणिले मण्याची त्रिज्या भागिले पाण्यातली तरंगलांबी) ३.९ येतो, मालिकेतली पदं एन = १२ पर्यंत घेतली की पुरतं, लॅपटॉपवर आरामात होतं. मला ह्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की मण्याचं मॅट्रिक्स एकदाच काढायचं, नंतर एल बदल, मणी सरकव, बदलतात ते फक्त बीमचे गुणांक. क्वीन्सलँडवाल्यांचा मॅटलॅब टूलबॉक्स फुकट आहे. पहिल्यांदा एल = ० चालव आणि आत गेलेली पॉवर तेवढीच बाहेर येते का बघ, मणी शोषत नसेल तर यायलाच पाहिजे. लाल पेशीसारखा वेडावाकडा आकार असेल तर डिस्क्रीट डायपोल (कण बारीक बारीक ठिपक्यांत तोडायची पद्धत), पण त्याला मेमरी लागते.

पंचगंगा_काठ:
अजून एक, पॅराक्सियल बीम (सगळे किरण अक्षाला जवळजवळ समांतर धरणारा) तसाच घेऊ नको. एनए (लेन्स किती घट्ट फोकस करते त्याचा आकडा) १.२५ ला पोलरायझेशन (फील्डची दिशा) बघावंच लागतं, एल = १ च्या पिळाला उलटं सर्क्युलर दिलंस तर बरोबर मधे अक्षाच्या दिशेचं फील्ड उभं राहतं, तिथं काळं राहतच नाही. आणि न शोषणारा गोल मणी अक्षावर असला तर टॉर्क शून्यच येणार, त्यानं घाबरू नको.

राजारामपुरी_फिजिक्स:
टॉर्क शून्यचंच पुढं विचारणार होतो. आज रात्री एल = ० लावतो, फोर्सचा ग्राफ इथंच टाकतो.