मदत हवी आहे : पोकरमध्ये समोरचा ऑल-इन गेला (सगळ्या चिप्स लावल्या) की कॉलचं (तेवढ्याच टाकून भिडायचं) गणित पटकन कसं लावता?
मंडळी, कॉलेज रोडला शनिवारी आमचा पोकरचा अड्डा असतो, पैसे बिलकुल नाही, नुसत्या चिप्स, पहिल्या तिघांची मिसळ बाकीच्यांकडून. आता समजा ब्लाइंड (दोघांनी पानं बघण्याआधीच टाकायच्या चिप्स) 500-1000, अँटे (वरची सक्तीची भर) एकूण 1000, बटनवाला (डीलरच्या जागेवरचा) 8000 घेऊन ऑल-इन गेला, बाकीचे बाहेर आणि मी बिग ब्लाइंडला (1000 आधीच टाकलेले), हातात इस्पिकचा राजा अन् बदामची नव्वी. मला अजून 7000 टाकायचे, पॉट (मधला ढीग) होतो 8000+8000+500+1000 = 17500, म्हणजे निदान 40 टक्के चान्स हवा, इथपर्यंत कळतं. पण तो कुठकुठल्या पानांवर ऑल-इन जात असेल हे टेबलावर बसून कसं धरायचं? आणि चौघंच उरले असतील, तिघांना मिसळ सारखीच, तर जास्तीच्या चिप्स घेऊन करायचंय काय, मग 40 चे किती धरायचे? आयसीएम (चिप्सची बक्षिसातली किंमत काढायची रीत) वाचलं, डोक्यावरून गेलं. आमच्यातला एक तर "राजा आहे ना, कर कॉल" एवढंच म्हणतो 😄 तोंडी जमेल अशी रीत सांगा राव.