डिस्क गोल्फच्या स्पर्धांसाठी चौघे मिळून फिरायचंय, सल्ला हवा

तळेगावकर

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघे मित्र शार्लटला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात राहतो. सगळे चाळिशीच्या आगेमागे. डिस्क गोल्फचं, म्हणजे फ्रिस्बीसारख्या डिस्क फेकून खेळायच्या गोल्फचं, वेड चांगलंच लागलंय. इथल्या साप्ताहिक लीगमध्ये नेमाने खेळतो, पीडीजीए या डिस्क गोल्फ संघटनेचं सभासदत्वही घेतलंय. तिघांचं रेटिंग (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) ८५० ते ९००च्या मधे, चौथ्याचं ९२०च्या वर.

आता मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत महिन्यातला एक वीकेंड बाहेरगावच्या स्पर्धेला द्यायचा असं ठरलंय. दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया, टेनेसी, जमलं तर अलाबामा. गाडी एकच, माझी मिनीव्हॅन. स्पर्धा कशा निवडायच्या? सगळ्यांनी एकाच डिव्हिजनमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या गटात, उतरावं का? मुक्काम कुठे करावा, खर्च कसा वाटावा?

आमची मैत्री कॉलेजपासूनची आहे. नोकरी आणि मुलंबाळं यांतून चौघांना एकत्र वेळ मिळणं दुर्मिळ झालंय, त्यामुळे हे वर्ष नीट जमावं असं फार वाटतं. ज्यांनी असं फिरून पाहिलंय त्यांनी हातचं न राखता लिहा.

जंगलवाट

तळेगावकर, आमचाही असाच एक कंपू आहे आणि बरीच वर्षं आम्ही असे फिरतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

स्पर्धेचं पान उघडलंत की बक्षिसं आणि प्लेयर्स पॅक (नाव नोंदवणाऱ्यांना मिळणाऱ्या वस्तू) नंतर बघा, आधी वेळापत्रक बघा. कुठलं डिव्हिजन कुठल्या पूलमध्ये (एकाच वेळी खेळणाऱ्यांच्या तुकडीत), कुठल्या कोर्सवर, किती वाजता. मोठ्या स्पर्धांत एक पूल सकाळी आणि दुसरा दुपारी खेळतो. कधी तर प्रो एका वीकेंडला आणि हौशी दुसऱ्या. तुमची गाडी एकच आहे, तेव्हा तिघे सकाळी आठला आणि चौथा दुपारी एकला, तोही दहा मैलांवरच्या दुसऱ्या कोर्सवर, असं झालं तर दिवसभर नुसती ने-आण होईल. सुरुवातीला एका दिवसाच्या दोन राउंडच्या छोट्या सी-टियर, म्हणजे खालच्या श्रेणीच्या स्थानिक स्पर्धा, घ्या. त्यात बहुतेक शॉटगन स्टार्ट असतो, सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून (कोर्सच्या टप्प्यांवरून) सुरू करतात आणि साधारण एकाच वेळी मोकळे होतात. दोन राउंडच्या मधल्या वेळात एकत्र बसून जेवता येतं.

पण कोर्स एकच असेल तर दोन पूलची स्पर्धासुद्धा सोडू नका. दुपारी खेळणाऱ्याने सकाळी मित्राची बॅग उचलायची! असा बॅग उचलणारा कॅडी ठेवायला परवानगी आहे आणि त्याने सल्ला दिला तरी चालतो, मात्र त्याने नियम मोडला तर दंड खेळाडूला बसतो. माझ्या मते या खेळातलं सगळ्यात मोठं सुख हेच. पाऊस नुकताच थांबलाय, इकडची लाल माती बुटांना चिकटून पाय जड झालेत, मित्र प्रत्येक थ्रोआधी डिस्कची कड कोरड्या टॉवेलने पुसून हातात देतोय आणि "घाई नको, उजवीकडचं झाड विसर, हायझर टाक" (म्हणजे डिस्कची बाहेरची कड खाली झुकवून टाक) एवढंच बोलतोय. थ्रो टाकायला तीस सेकंद मिळतात. त्या तीस सेकंदांत आपलं माणूस शेजारी उभं असणं फार मोलाचं आहे.

डिव्हिजनचं सांगतो. ९००च्या खालच्या रेटिंगला एमए३ हे हौशी डिव्हिजन मिळतं, ९३५च्या खालच्याला त्याच्या वरचं एमए२. म्हणजे तुमचा चौथा भिडू वेगळा पडणार. चौघांनाही या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत चाळीस पूर्ण होत असतील तर एमए४० या चाळिशीपुढच्यांच्या डिव्हिजनमध्ये एकत्र उतरता येईल, तिथे रेटिंगची अट नाही. पण तिथे मुरलेले लोक भेटतात, हे धरून चाला. मी तर म्हणेन, उन्हाळाभर आपापल्या डिव्हिजनमध्ये खेळा. पुढच्या राउंडची कार्डं (बरोबर खेळणाऱ्यांचे छोटे गट) स्कोअरप्रमाणे लागतात, त्यामुळे एकाच डिव्हिजनमध्ये असलात तरी दुसऱ्या राउंडला एकत्र याल याची खात्री नाही. आणि वेगवेगळे खेळलात की संध्याकाळी चौघांकडे चार निराळ्या गोष्टी असतात.

उशीर मात्र कटाक्षाने टाळा. जितक्या होलला तुम्ही हजर नसाल, तितक्या प्रत्येक होलला पार (त्या होलला अपेक्षित थ्रो) अधिक चार असा स्कोअर लागतो. एक जण झोपून राहिला की चौघांचा दिवस जातो. अलाबामात आणि नॅशव्हिलकडे जाताना घड्याळ एक तास मागे जातं, परतताना तो तास द्यावा लागतो. रविवारचं नियोजन करताना हे लक्षात ठेवा.

रॅलेकरीण

जंगलवाट यांनी वेळापत्रकाचं लिहिलंय त्याच्याशी शंभर टक्के सहमत. मुक्काम, जेवण आणि जंगल यांवर मी लिहिते.

पहिल्या काही वेळा तंबू नको, मोटेलच घ्या. दोन राउंड म्हणजे उनात सात-आठ तास चालणं होतं, रात्री पाठ टेकायला गादी हवी. खोली तळमजल्यावरची मागा, दाराशी गाडी लावून ओल्या बॅगा आणि बूट आत-बाहेर करता येतात. मोटेलवाले बऱ्याचदा गुजराती असतात. आपण नीट बोललं, सकाळी लवकर निघायचंय म्हणून सांगितलं, की ते पाच वाजता चहाला गरम पाणी देतात. भाताचा कुकर बरोबर असू द्या. मूग-तांदूळ आणि गोडा मसाला घरूनच एकत्र करून न्यायचा, वरून तूप. दिवसभर बिस्किटं आणि बार खाऊन झालेले असतात, तेव्हा त्या खिचडीसाठी चौघे वाट बघतात. खेळताना दशम्या आणि कोरडी चटणी बॅगेच्या कप्प्यात छान राहते, उनात बिघडत नाही.

आता पॉयझन आयव्ही. तीन पानं, मधल्या पानाचा देठ लांब. पायाला लागू नये म्हणून सगळे जपतात, डिस्कचं कुणाच्या ध्यानात येत नाही. डिस्क त्या झुडपात पडली की पानांचं तेल तिच्यावर बसतं, तिथून हातावर, टॉवेलवर, गाडीच्या सीटवर. राउंड संपला की डिस्क भांडी घासायच्या साबणाने गार पाण्यात धुवा, टॉवेल वेगळ्या पिशवीत टाका. गोचिडींसाठी बूट-मोज्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन फवारून वाळू द्या, आणि रात्री गुडघ्यांच्या मागे, कमरेला बघून घ्या. दर वेळी, कंटाळा न करता.

जुलै-ऑगस्टमध्ये बंद गाडीत डिस्क ठेवू नका, कडा वाकतात.

एक विनंती. घरच्या बायका-मुली खेळणाऱ्या असतील तर त्यांनाही न्या. महिलांच्या डिव्हिजनमध्ये कधी कधी दोघी-तिघीच असतात. नाव नोंदवणारी एक वाढली तरी आमचं कार्ड भरतं, आणि पुढच्या वर्षी आयोजक आमच्या टी-पॅडचाही (पहिला थ्रो टाकायच्या जागेचाही) विचार करतात. मला याची फार कळकळ आहे.

कोथरूडवासी

धागा आवडीने वाचतोय, पण हा खेळ नेमका काय ते कुणी दोन ओळींत सांगेल का? फ्रिस्बी आणि गोल्फ एकत्र?

जंगलवाट

कोथरूडवासी, तसंच. चेंडू-काठीऐवजी डिस्क, भोकाऐवजी साखळ्यांची बास्केट. टीवरून सुरुवात करून कमीत कमी थ्रोंमध्ये डिस्क बास्केटमध्ये टाकायची. डिस्क आपल्या नेहमीच्या फ्रिस्बीपेक्षा लहान, कडेला धारदार, साधारण १५० ते १७५ ग्रॅमच्या. लांब जाणारा ड्रायव्हर, मधल्या अंतराला मिडरेंज, जवळून पटर. बहुतेक कोर्स सार्वजनिक पार्कात आणि फुकट असतात, म्हणूनच आमच्यासारख्या नोकरदारांना तो परवडतो.

हा खेळ मार्गी लावणारा माणूस एड हेडरिक. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिला कायमचा कोर्स झाला तो त्याच्यामुळे. साखळ्यांची बास्केट त्याचीच, आणि १९७६ साली पीडीजीए ही संघटनाही त्यानेच काढली.

यावरून आठवलं. तळेगावकर, जॉर्जियातलं अ‍ॅपलिंग यादीत सगळ्यात वर ठेवा. ऑगस्टाजवळ, तलावाकाठच्या वाइल्डवुड पार्कात पीडीजीएचं मुख्यालय आहे, लागून अठरा-अठरा होलचे तीन कोर्स आणि खेळाचं संग्रहालय. एका कोर्सला हेडरिकचंच नाव आहे. शार्लटहून आय-७७ महामार्गाने कोलंबिया आणि पुढे आय-२०, तीन तासांच्या आत पोचाल. पार्कात कॅम्पिंगची सोय आहे. रॅलेकरीण ताई, मोटेलचं तुमचं सगळं मान्य, पण इथे तरी तंबूच लावावा. उठून चालत टीवर जाता येतं!

दिगंत

मी कॅन्ससमधून. तुम्हाला लांब पडेल, तरी एकदा एम्पोरियाला या. कॅन्सस सिटीला विमानाने उतरून आय-३५ने साधारण दोन तासांत पोचता. गाव छोटं, पण वसंतातल्या मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात सगळं गाव डिस्क गोल्फचं होतं. २०१६ आणि २०२२ची प्रो जागतिक स्पर्धाही इथेच झाली. वाऱ्याची तयारी ठेवा. कॅरोलायनाच्या झाडीत खेळणाऱ्यांना असा मोकळ्या माळावरचा वारा माहीत नसतो. ओव्हरस्टेबल (वाऱ्यातही न उलटणाऱ्या) डिस्क जास्त घ्या, जमिनीलगत टाका, आणि पट करताना (बास्केटजवळून टाकताना) वाऱ्याचा झोत ओसरेपर्यंत थांबा.

तळेगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. चौघांनी फोनवर बसून धागा वाचला. एप्रिलपासून एका दिवसाच्या सी-टियर आपापल्या डिव्हिजनमध्ये, मे महिन्यात अ‍ॅपलिंगला तंबू, असं ठरलं. रॅलेकरीण ताई, माझी बायको लीगमध्ये अधूनमधून खेळते. तुमचं वाचून तिने पहिल्या स्पर्धेत नाव घातलंय, म्हणजे आता आम्ही पाच.

खर्चाचं कुणी लिहिलं नाही. आमच्यातला एक म्हणतो, जो जिंकेल त्याने गॅस (पेट्रोल) भरायचा.

जंगलवाट

जिंकणाऱ्यावर काही टाकू नका. हौशी डिव्हिजनमध्ये रोख मिळत नाही, डिस्क नाहीतर दुकानाचं क्रेडिट मिळतं. गॅस आणि खोली समान वाटा, प्रवेश फी ज्याची त्याने भरा. गाडी तुमची आहे, तेव्हा टायर आणि ऑइलपोटी दर फेरीला थोडी रक्कम बाकीच्यांनी तुम्हाला द्यावी, आणि हे आधीच बोलून घ्या. मित्रांत पैशांचं बोलायला संकोच होतो, पण वर्षाच्या सुरुवातीला एकदा स्पष्ट झालं की पुन्हा विषय निघत नाही. स्प्लिटवाइज या खर्च वाटायच्या अ‍ॅपवर त्याच रात्री नोंद करा.

परतीला गाडी कोण चालवणार हेही सकाळीच ठरवा. दोन राउंडनंतर डोळे मिटतात. त्या माणसाने दुपारच्या जेवणात हलकं खावं, आणि बक्षीस समारंभ लांबला तर सरळ निघावं.

रॅलेकरीण

वहिनींचं वाचून फार आनंद झाला! त्यांना माझ्यातर्फे दोन पटर भेट. आणि ऑक्टोबरचा तो वीकेंड मोकळा ठेवा. रॉक हिलला विन्थ्रॉप विद्यापीठात डिस्क गोल्फची यूएस चॅम्पियनशिप असते, १९९९पासून तिथेच, तुमच्या घरापासून तासाभराच्या आत. सतरावी होल गवताच्या गठ्ठ्यांनी वेढलेली आहे, तिथे चांगले चांगले घसरतात. आम्ही शनिवारी सकाळपासून सतराव्या होलपाशीच असतो, पाचही जण या.