मदत हवी आहे: बासचा पिकअप बदलला, दोन्ही व्हॉल्यूम फुल केले की खर्जच गायब

खर्जवाला
बास गिटारचा एक पिकअप (तारेचा आवाज पकडणारं चुंबक-गुंडाळीचं यंत्र) बदलला, आतलं वायरिंग सगळं नवं केलं. पॉट (आवाजाची बटणं) नवे, जॅक नवा. एकेक पिकअप वेगळा वाजवला तर ठीक वाजतोय. दोन्ही फुल केले की खर्ज जातोय, नुसता पत्र्याचा डबा. शनिवारी इचलकरंजीत कार्यक्रम आहे, लवकर सांगा. व्हिडिओ बघून झालेत, लिंक नकोत.

डागवाला
बास कुठला? पी (प्रिसिजन) मॉडेल की जॅझ? पॉट किती के (किलोओहम)? फोटो टाका की राव, इथनं काय दिसणार आम्हाला.

खर्जवाला
जॅझ टाइप. दोन व्हॉल्यूम म्हटल्यावर अजून काय असणार? चार तारा. पॉट २५० के. फोटोसाठी परत सगळं उघडत बसायला वेळ नाही.

नऊव्होल्ट
पॅसिव्हचा, म्हणजे बिनबॅटरीच्या वायरिंगचा नाद सोडा. आत बॅटरीवरचा प्रीअँप बसवा, बेस-मिड-ट्रेबल हाताशी. मी बसवल्यापासून साउंडवाल्याच्या तोंडाला लागायची वेळ आलेली नाही.

डागवाला
नऊव्होल्ट, प्रत्येक धाग्यात प्रीअँप! पिकअप एकमेकांना खोडत असतील तर प्रीअँप तो खोडलेला आवाजच मोठा करणार. वर जॅक स्टीरिओ पाहिजे. बॅटरीचा निगेटिव्ह त्याच्या मधल्या पत्तीवरनं जातो, केबल काढली की बॅटरी बंद. साध्या जॅकवर तसं होत नाही आणि ऐन कार्यक्रमात बॅटरी मरते.

नऊव्होल्ट
आम्हाला जॅक शिकवू नका. बॅटरी वेळच्या वेळी बदलायची, विषय संपला.

पेटीमास्तर
एवढी यातायात कशाला? मिरज तासाभरावर आहे. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या वाद्यं बनतात. २०२४ साली तिथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं. असा कान दुसरीकडं सापडायचा नाही.

रंकाळ्याकाठी
मास्तर, भोपळ्यात पिकअप नसतोय :)

पेटीमास्तर
हल्ली सतारीलाही बसवतात. माहिती घेऊन बोलावं.

डागवाला
खर्जवाले, दोनच प्रश्न. दोन्ही पिकअप एका जोडीतले आहेत का? आणि दोन्ही फुल असताना, वाजवत नसताना, घूं वाढते की थांबते?

खर्जवाला
ब्रिजचाच (तारा अडकवतात त्या बाजूचा) नवा आहे. नेकचा (मानेकडचा) चांगला वाजत होता, तो कशाला बदलू? घूं वाढते. तारांना हात लावला की थोडी कमी होते, पण जात नाही.

मंडपातला
घूं म्हणजे अर्थिंग! जनरेटरवर हमखास. तीन पिनचा प्लग लावा, तिसरी पिन काढून टाकू नका.

डागवाला
अर्थिंगनं खर्ज जात नाही हो. हा फेजचा घोळ आहे. दोन पिकअप उलट फेजमध्ये असले, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली, की खालचे सूर एकमेकांना मारतात आणि वरचा पातळ आवाज तेवढा उरतो. जॅझ बासच्या जोडीत एकाचं चुंबक उलट आणि गुंडाळीही उलट असते. त्यामुळं तारेचा आवाज जुळतो आणि दोन्ही फुल असताना विजेची घूं कटते. एकटा वाजवला की घूं येणारच, तो सिंगल कॉइलचा (एकाच गुंडाळीच्या पिकअपचा) स्वभाव आहे.

तुमचा खर्ज जातोय आणि घूं वाढतेय, म्हणजे चुंबकं उलट आहेत पण गुंडाळी एकाच दिशेची. हे बरंच झालं. नव्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा: गरम (सिग्नलची) होती ती पॉटच्या पाठीवर अर्थला, पाठीवरची गरम जागी. खर्ज येईल आणि घूंही कटेल. घूं आधीच थांबत असती, तर अदलाबदलीनं खर्ज आला असता पण घूं मागं लागली असती. फक्त पिकअपला धातूचं कव्हर किंवा खाली पत्रा असेल तर त्याची अर्थ वायर आधी वेगळी करा, नाहीतर कव्हरच गरम बाजूला जाईल.

तारांना हात लावल्यावर कमी होते ती वेगळी खरखर. त्यासाठी आतून तांब्याची टेप लावून अर्थला जोडा. स्वयंपाकघरातली फॉइल नको, ॲल्युमिनियमवर सोल्डरचा डाग धरत नाही. हे शनिवारनंतर केलं तरी चालतंय.

बासुरीवाला
फ्लॅटवाउंड तारा घाला, आवाज एकदम गोल येतो.

नऊव्होल्ट
तारांचं कुणी विचारलंय?

खर्जवाला
ब्रिजच्या वायरी उलट केल्या. कव्हर नव्हतंच. खर्ज आला, घूं गेली. नाद खुळा!

रंकाळ्याकाठी
भावा, काढलेला जुना पिकअप विकायचा आहे काय? माझा नेकचा बंद पडलाय.

डागवाला
ब्रिजचा पिकअप नेकपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब असतो बहुतेक जॅझ बासमध्ये. खाचेत बसायचा नाही.

रंकाळ्याकाठी
मग खाच वाढवू की. उद्यमनगरात ओळख आहे. किंमत सांग.