अप्रोचेबल आणि मेमोरेबल: मराठीत नेमकं काय म्हणायचं?

छोट्या व्यावसायिकांसाठी नेटवर्किंगवरचं ट्रेनिंग मटेरियल मराठीत करतेय आणि एकाच वाक्यावर दोन दिवस अडकलेय. वाक्य तसं साधं आहे, नवीन लोकांना भेटताना अप्रोचेबल राहा आणि मेमोरेबल व्हा. पहिल्याला मनमिळाऊ लिहून बघितलं, पण मनमिळाऊ म्हणजे सगळ्यांशी जुळवून घेणारा, तो स्वभाव झाला, आणि इथे तर पहिल्या पाच मिनिटांची गोष्ट चाललीये. मोकळाढाकळा जरा जास्तच ऐसपैस वाटतो. लाघवी म्हटलं की गोड बोलून काम काढून घेणारा डोळ्यासमोर येतो. आणि बोलका तर उलटाच पडतो, सतत बोलणाऱ्याजवळ जायला लोक कचरतात. मेमोरेबलचं त्याहून अवघड, संस्मरणीय सोहळा असतो, प्रवास असतो, पण जिवंत माणसाला संस्मरणीय म्हटलं की तो आता आपल्यात नाही असं वाटायला लागतं. सुचवा काहीतरी प्लीज.

प्रतिसाद १

संस्कृतातनं घ्यायचं तर अभिगम्य आहे, आणि अर्थ अगदी चपखल आहे. रघुवंशात पहिल्याच सर्गात कालिदास दिलीप राजाला अधृष्य आणि अभिगम्य असं एका दमात म्हणतो, समुद्रासारखा, आतल्या जलचरांमुळे धाक वाटतो आणि रत्नांमुळे जवळ जावंसं वाटतं. पण ट्रेनिंगमध्ये हा शब्द टाकलात तर लोक तिथेच थांबतील, त्यामुळे नको.

विरुद्ध बाजूने विचार केला तर गंमत दिसते. तुसडा, घुमा, शिष्ट, आखडू, माणूसघाणा, जवळ येऊ न देणाऱ्याला आपल्याकडे शब्दच शब्द आहेत. मग येऊ देणाऱ्याला एकही धड शब्द कसा नाही?

प्रतिसाद २

आहे की, पण तो विशेषण नाहीये, क्रियापद आहे, म्हणून शोधताना सापडत नाही. सलगी देणे. समर्थांनी संभाजीराजांना लिहिलेलं म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे त्यात शिवरायांचं बोलणं कसं, चालणं कसं हे आठवायला सांगताना सोबतच सलगी देणं कसं हेही येतं. शाळेत आपण ते पाठ केलं पण सलगी देणं म्हणजे काय इकडे कोणी फारसं बघितलं नाही. आज सलगी शब्द आपण फक्त करणे बरोबर वापरतो, "फार सलगी करू नकोस" वगैरे, आणि त्याला नको तितकी जवळीक असा वास लागलाय. पण देणे लावून बघा, दिशाच बदलते. सलगी करतो तो बाहेरचा, सलगी देतो तो आतला, ज्याच्या हातात आहे तो. मला वाटतं अप्रोचेबल म्हणजे हेच, तुमच्या चेहऱ्याचा किंवा स्वभावाचा गुण नव्हे, तुम्ही समोरच्याला दिलेली गोष्ट.

प्रत्यक्ष बघितलेलं सांगतो. एका बिझनेस मीटला मी एकटाच होतो, कोणी ओळखीचं नाही, हातात कार्डं, आणि चौघंजण घोळका करून बोलत उभे. मी बाजूला घुटमळत होतो तर त्यातल्या एकाने बोलता बोलता अर्धं पाऊल मागे घेतलं, खांदा जरा वळवला, घोळक्यात माझ्यापुरती फट झाली, आणि म्हणाला, "या ना, आमचं उधारी वसूल कशी करायची यावर चाललंय." बस्स. विषयही कळला, जागाही मिळाली, मी काय करतो हे कोणी लगेच विचारलं नाही त्यामुळे दडपणही नाही. त्याचं कार्ड आजही माझ्याकडे आहे, बाकी तिघांचे चेहरेसुद्धा आठवत नाहीत.

प्रश्नकर्ती

दादा, हे फारच आवडलं, आणि तुमच्या शेवटच्या वाक्यात मेमोरेबलचंही उत्तर दडलंय असं वाटतंय. मी छाप पाडा असं लिहिणार होते, पण छाप पाडणारा सगळा वेळ स्वतःकडेच बघत असतो. त्या माणसाने छाप पाडलीच नाही, तो लक्षात राहिला. आणि लक्षात राहणे या प्रयोगाचं व्याकरण बघा ना, तो *माझ्या* लक्षात राहतो, म्हणजे जागा माझ्या डोक्यातली, तो तिथे नुसता राहतो. "लक्षात राहा" अशी आज्ञा कोणाला देताच येत नाही, विचित्र वाटतं. "लक्षात ठेवा" मात्र सहज म्हणतो.

प्रतिसाद ३

मग तेच लिहा, आधी तुम्ही लक्षात ठेवा. कारण अशा मीटिंगमध्ये कोणी कोणाचं नीट ऐकतच नाही, आणि ते उद्धटपणामुळे नव्हे. एकत्र बसून एकेकाने मोठ्याने शब्द वाचायचे असा एक प्रयोग 1973 मध्ये ब्रेनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने केला होता, त्यात लोकांना सगळ्यात कमी आठवले ते स्वतःची पाळी यायच्या जरा आधी वाचले गेलेले शब्द. मीटिंगमध्ये एकेकजण स्वतःची ओळख करून देतो तेव्हा अगदी हेच होतं, शेजारचा बोलत असतो आणि आपण मनात आपलं वाक्य घोळवत असतो. त्यामुळे मी तर नेहमी नंतर शेजाऱ्याकडेच आधी जातो आणि सरळ सांगतो, तुमचं नीट ऐकता आलं नाही, परत सांगता का. कोणाला राग आलेला नाही अजून, उलट खुलून बोलतात.

अजून एक, नावापेक्षा काम जास्त लक्षात राहतं. 1987 च्या एका अभ्यासात तोच शब्द आडनाव म्हणून सांगितला तर लोक विसरले आणि धंदा म्हणून सांगितला तर जास्त जणांना आठवला. आपल्या भाषेत हे पटकन पटतं, सुतार हे आडनाव निसटून जाईल पण सुतारकाम करतो म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास सगळं डोक्यात येतं आणि त्याला धरून माणूसही येतो. म्हणून "सोल्युशन्स प्रोव्हाइड करतो" असलं सांगू नका, त्यात धरायला काहीच नाही. "मोडलेल्या खुर्च्या परत उभ्या करतो" म्हणा.

प्रश्नकर्ती

ठरलं. वाक्य असं करतेय: "नव्या माणसाला बोलण्यात जागा द्या, त्याचं नाव-काम लक्षात ठेवा, आणि तुमचं काम डोळ्यासमोर उभं राहील असं सांगा." मूळ वाक्याच्या दुप्पट लांब झालंय, पण वाचून काय करायचं ते तरी कळतं. सलगी देणे हा शब्द चौकटीत वेगळा घेते, करणे आणि देणे मधल्या फरकासकट, आणि खाली तो अर्धं पाऊल मागे घेणारा प्रसंग टाकला तर चालेल ना दादा?