फारकत, काडीमोड, सोडचिठ्ठी, घटस्फोट: कागदावर कोणता शब्द?

प्रश्न
मावसबहिणीच्या नवऱ्याने तिच्याकडून एका कागदावर सही घेतली आहे. वर 'फारकतनामा' असं लिहिलंय, खाली दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. मजकूर इतकाच की आजपासून आमचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. घरचे म्हणतात, काडीमोड झाला, आता दुसरं स्थळ बघू. पण कोर्टाच्या एका कागदात 'न्यायिक फारकत' असा शब्द दिसला. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे का?

उत्तर
बोलताना एकाच अर्थाचे, कायद्यात नाहीत. स्थळं बघणं आधी थांबवा.

'फारकत' म्हणजे मुळात फारखत, फारसीतून आलेला शब्द: मोकळं केल्याचा लेख. कर्ज फिटल्याची फारखत असे, आणि बायकोला मोकळं केल्याचीही. त्यामुळे एक कागद लिहिला की नातं सुटलं, ही समजूत त्या शब्दातच मुरलेली आहे. सोडचिठ्ठीचंही तेच. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खाली मात्र लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. नोटरी सह्या खऱ्या असल्याचं सांगतो, लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. कलम २९(२) ने रूढीने मिळणारा काडीमोड शाबूत ठेवला आहे, पण आपल्या समाजात तशी रूढी पूर्वापार चालत आली आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. 'आमच्यात असंच चालतं' एवढं म्हणून भागत नाही. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि तो गुन्हाही आहे.

आता 'न्यायिक फारकत'. इथे खरा घोळ होतो, कारण शब्द फारकतीचा आणि लग्न मात्र शाबूत! कलम १० खालच्या या आदेशाने एकत्र राहण्याचं बंधन सुटतं, पण दोघं कायद्याने नवराबायकोच राहतात. त्यानंतर वर्षभर पुन्हा संसार सुरू झाला नाही, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतं. नुसतं 'फारकत मिळाली' असं कोणी म्हटलं, तर आदेशात कलम कुठलं आहे ते मी आधी बघतो.

दुसरं उत्तर
'घटस्फोट' शब्दाबद्दल थोडं. मुळात हा विधी नवराबायकोचा नव्हताच. मनुस्मृतीत पतिताला बहिष्कृत करताना दासीने पाण्याने भरलेला घट लाथेने उपडा करायचा, जणू तो माणूस मेलाच, असा विधी आहे. बहिष्काराचा तो शब्द पुढे लग्न मोडण्याला लागला. म्हणून औपचारिक लेखनात मला 'विवाहविच्छेद' जास्त पटतो, त्यात कोणाला वाळीत टाकल्याची छटा नाही.

प्रश्न
दोघांचीही मोडायची तयारी आहे. मग 'परस्पर संमतीने' म्हणजे लगेच होतं का? आणि खर्च?

उत्तर
लगेच नाही, ताई. कलम १३ब प्रमाणे अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. 'वेगळं राहणं' याचाही नेहमीचा अर्थ घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं की एका छपराखाली राहूनही पतिपत्नी म्हणून नांदत नसतील, तर ते वेगळंच राहणं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं, ज्याला वकील मंडळी 'कूलिंग पिरियड' म्हणतात. २०१७ च्या निकालापासून योग्य प्रकरणात न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. संमती मात्र हुकूमनामा होईपर्यंत टिकायला हवी. आज केलेली सही उद्या मागे घेता येते.

खर्चाचं म्हणाल, तर कोर्ट फी हा त्यातला लहान भाग. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना ती माफ आहे. पैसा जातो तो वकिलाच्या फीमध्ये आणि तारखांना. संमतीच्या अर्जात तारखा कमी लागतात. छळ किंवा परित्यागासारख्या कारणावरून एकाने दावा लावला की साक्षीपुरावे आले, उलटतपासणी आली, वर्षं आली. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. हे फार कमी बायकांना माहीत असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न
त्या कागदात 'पोटगीचा हक्क सोडला' असंही लिहिलंय.

उत्तर
त्या ओळीला घाबरू नका. पोटगीचा वैधानिक हक्क असा खाजगी कागदावर सोडता येत नाही, न्यायालयांनी हे वारंवार सांगितलं आहे. 'पोटगी'मध्ये पोट असलं तरी कायद्यातली पोटगी जेवणापुरती नाही, तिच्यात कपडे, निवारा, औषधपाणीही येतं. शिवाय तिचे प्रकार आहेत. दावा चालू असताना कलम २४ ची अंतरिम पोटगी, निकालाच्या वेळी किंवा नंतर कलम २५ ची कायमची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार दोघांनाही मालमत्ता आणि देण्याघेण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून अर्ज लांबवू नये.

बहिणीचं स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसेल, तर कलम २४ मध्ये 'कार्यवाहीचा खर्च' अशी वेगळी मागणीही आहे, म्हणजे वकिलाचा आणि कोर्टाचा खर्च. अर्ज लिहिताना दोन्ही मागण्या वेगवेगळ्या परिच्छेदांत घालायला सांगा.